विषय: बनावट 'च्माबा' आणि 'रिझॉल्व्ह्ड' झालेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, टपाल तिकीट लिलाव विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी बोलणं आत्ताच संपलं, म्हणजे त्यांनी संपवलं. म्हणून हे थेट तुम्हाला.

गेल्या लिलावात मी चंबा संस्थानाचं, १८८७ च्या मालिकेतलं, व्हिक्टोरियाचं अर्ध्या आण्याचं तिकीट घेतलं. वर्णन तुमचंच: 'वापरलेलं, च्माबा एरर, अस्सल'. म्हणजे इंग्रजी 'चंबा'मधल्या ए आणि एम यांची अदलाबदल झालेलं. पैसे मी त्या अदलाबदलीचे मोजले, वर तुमचं बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर तुम्ही लावता ती जादा रक्कम. साधं 'चंबा स्टेट' हवं असतं तर ते कुठल्याही डीलरकडे चिल्लर भावात मिळतं.

तिकीट भिंगाखाली धरलं तर टपालाचा शिक्का खाली आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटावर मागाहून छापलेलं संस्थानाचं नाव, त्याच्यावर. एमच्या डाव्या पायाशी शिक्क्याची रेघ छापाच्या शाईखाली शिरते आणि पलीकडून बाहेर येते. कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात ओव्हरप्रिंट व्हायचं, मग तिकिटं चंब्याला जायची, विकली जायची, शिक्का सगळ्यात शेवटी. हे मात्र आधी टपालातून फिरून आलंय आणि नंतर कुणीतरी फुरसतीत त्यावर चंबा छापलंय. कमी होतं म्हणून शिक्क्यात 'बॉम्बे'ची पहिली तीन अक्षरं स्वच्छ वाचता येतात. ब्रिटिश टपाल खात्याशी करार केलेल्या, चंब्यासारख्या संस्थानांची तिकिटं त्या त्या संस्थानातच टपालात पडायची, हे मी तुम्हाला सांगायचं?

आता तो फोन. मी म्हटलं, ओव्हरप्रिंट बनावट आहे. "प्रॉडक्टमध्ये काय इश्यू आहे सर?" मी अक्षरं एकेक करून सांगितली: सी, एच, एम, ए, बी, ए. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग समजूत काढल्यासारखं, "ओके सर, म्हणजे स्पेलिंग मिस्टेक आहे. आम्ही करेक्ट स्पेलिंगचा पीस रिप्लेस करून देऊ." मी शांतपणे (हो, तोवर शांतच होतो) सांगितलं की चूक हवीच आहे, पण खरी हवी. "म्हणजे सर, तुम्हाला मिस्टेक हवी आहे?" हो. "मग मिस्टेक तर आहे ना सर." पाच मिनिटांत मेसेज: आपली तक्रार रिझॉल्व्ह्ड. आपला अनुभव कसा होता, स्टार द्या.

फोनवरच्या त्या मुलीवर राग नाही. तिला कुणी काही शिकवलेलं नाही. राग 'अस्सल' लिहिणाऱ्यावर आहे. त्याने भिंग उचललं असतं तर शिक्का खाली आणि छाप वर, हे त्यालाही दिसलं असतं.

ग्वाल्हेर संस्थानाची कितीतरी तिकिटं मी तुमच्याकडूनच घेतली. तेव्हा तुमच्या कॅटलॉगमध्ये ओव्हरप्रिंटमधल्या देवनागरी मजकुराची लांबीसुद्धा दिलेली असायची, १३-१४ मिलिमीटर की १५ ते १५.५. छाप कलकत्त्याचा की १९२७ नंतरचा नाशिकचा, तेही. त्या भरवशावर डोळे मिटून बोली लावायचो. आता तो अल्बम पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला घेतलाय. तुमचे आभार कसे मानू?

पूर्ण रक्कम, प्रीमियम आणि कुरिअरसकट, पंधरा दिवसांत परत हवी. बदली तिकीट नको, क्रेडिट नोट नको, आणि करेक्ट स्पेलिंग तर अजिबात नको. नाहीतर हे पत्र, फोटो आणि तुमचं छापील वर्णन जिल्हा ग्राहक आयोगात जाईल.

आधी तिकीट पाठवा, मग रिफंड, असा तुमचा नियम आहे म्हणे. पाठवणार नाही. पुढच्या लिलावात ते नव्या लॉट नंबरने पुन्हा 'अस्सल' होईल. पैसे जमा झाले की पाठवीन, मागच्या बाजूला 'बनावट' लिहून, आणि पेन्सिलीने नाही, शाईने.

आपला (अजून तरी) ग्राहक