सर, हात!

सिस्टर, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण अण्णा घरी येऊन महिना झाला तरी रात्री जाग आली की तुम्हीच आठवता.

तिसऱ्या किमोनंतर अण्णांचे काउंट पडले, पांढऱ्या पेशी दोनशेवर आल्या आणि 101 ताप भरला. गावाकडच्या दवाखान्यात सहा दिवस नुसती इंजेक्शनं बदलली. ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे ते शोधायच्या तपासणीचं, विचारलं तर म्हणे, "कशाला उगाच खर्च? हायर अँटिबायोटिक चालूच आहे की." रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटला अशा वेळी तासाभरात योग्य औषध लागतं, आणि त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं असतं, हे आम्हाला मुंबईत तुमच्या हॉस्पिटलात आल्यावर कळलं. तोवर बीपी उतरलं होतं.

रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही न जुमानणारा. मग अ‍ॅझट्रिओनाम आणि अ‍ॅव्हिबॅक्टम अशी दोन औषधं जोडीने सुरू झाली. जंतूचं औषध तोडणारं एनडीएम नावाचं हत्यार अ‍ॅझट्रिओनामवर चालत नाही, पण त्याची बाकीची हत्यारं चालतात. ती बोथट करायला सोबत अ‍ॅव्हिबॅक्टम. डॉक्टरांनी हे केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. त्यांचेही उपकार आहेतच.

पण माझ्या डोळ्यांपुढे आहे तो मंगळवारचा राउंड. मोठे सर, मागे सात-आठ जण. सरांनी अण्णांच्या दंडावरच्या पिक लाइनकडे, म्हणजे औषधासाठी शिरेत घातलेल्या नळीकडे, हात नेला आणि तुम्ही ट्रे धरूनच म्हणालात, "सर, हात." आवाज चढवला नाही, खाली मानही घातली नाही. खोलीत चिडीचूप. माझ्याच पोटात गोळा आला. सर थांबले, "सॉरी" म्हणाले, सॅनिटायझरची बाटली दाबली. तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठे. मागच्या सगळ्यांनी ओळीने हात चोळले.

आपल्याकडे मोठ्या माणसाला टोकणं म्हणजे उद्धटपणा. शेजारच्या खाटेचा जंतू अण्णांपर्यंत कुणाच्या तरी हातावरूनच येणार, हे माहीत असूनही लोक गप्प बसतात. मीही बसलो असतो. तुम्ही तर मला दिवसातून दहादा टोकायचात, "दादा, हात." पहिल्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू.

परवा ते गावाकडचे डॉक्टर अण्णांना बघायला घरी आले. हसत हसत शेकहँडला हात पुढे केला. अण्णांनी खुर्चीतूनच टीपॉयवरच्या बाटलीकडे बोट दाखवलं.