पाणी ओसरल्यानंतरचे साठ दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार,

पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, सगळं तासातासाला गल्लीत कळतं. पाणी उतरायला लागलं की मात्र हे आकडे थांबतात आणि सुटलो एकदाचे म्हणून सगळे झाडलोटीला लागतात. आजारांची मोजणी खरी तिथून सुरू होते. म्हणून मृग लागायच्या आत हे लिहून पाठवते आहे. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, कारण पाणी आलं की तीच पिशवी तुम्ही आधी उचलता.

प्रत्येक रोगाची घरात शिरायची वाट ठरलेली असते आणि अंगात रुजून दिसायला लागणारा काळही ठरलेला असतो. जुलाब-उलट्या एक ते पाच दिवसांत येतात. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्याने. डेंग्यू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कावीळ तर पाच-सहा आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, म्हणजे पुराची आठवणही मागे पडल्यावर. ज्या दिवशी पाणी उंबऱ्याखाली जाईल त्या तारखेवर कॅलेंडरला खूण करा आणि तिथून साठ दिवस मोजा. या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की अमुक तारखेला आमच्या घरात पुराचं पाणी होतं. ते सांगितलं नाही तर त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही.

आधी पाण्याचं. २०१९ ला आणि २०२१ ला नदीकाठचे उपसा पंप बुडाले आणि शहराचे नळ कोरडे पडले. नळ कोरडा पडला की नुसती गैरसोय होत नाही, जमिनीखालची पाइपलाइन रिकामी होते. भरलेल्या पाइपात दाब असतो तोवर गळक्या जोडातून पाणी बाहेर जातं. दाब गेला की उलटं होतं, शेजारच्या गटाराचं पाणी त्याच भेगेतून आत ओढलं जातं. पुरवठा सुरू झाल्यावर तेच आधी आपल्या नळाला येतं. म्हणून पहिली दहा मिनिटं नळाचं पाणी संडासच्या बादलीत जाऊ दे, आई. गढूळ असेल तर आणखी. गल्लीत कोणी नळालाच थेट मोटर लावत असेल तर बाबा, तुम्ही बोला, तुमचं ऐकतात. मोटर पाणी ओढते तशी गटारही ओढते, आणि ते सगळ्या ओळीला जातं.

प्यायचं पाणी चारपदरी सुती कापडातून गाळून उकळायचं. खळाखळा बुडबुडे आले की तिथून घड्याळ लावून एक मिनिट. आपल्याकडे त्याहून जास्त लागत नाही, वीस मिनिटं उकळून गॅस जाळू नका. नुसतं कोमट होऊन वाफ दिसली तर मात्र ते उकळलेलं नव्हे. ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार करायचं. न धुतलेल्या कळशीत ओतलं की केलेलं सगळं पाण्यात. पाणी घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, पेला बुडवायचा नाही. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. भिंतीवरच्या यूव्ही फिल्टरला वीज लागते आणि स्वच्छ पाणी लागतं, पुरात दोन्ही नसतं. टँकरचं पाणीसुद्धा उकळूनच.

वापरायच्या टाकीला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, पण दमट हवेत डबा उघडा राहिला की ते उडून जातं. उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल तर ती पावडर म्हणजे नुसता चुना. पुराचं पाणी शिरलेली टाकी आधी पूर्ण रिकामी करून ब्रशने घासा. मग भरून १००० लिटरला १५० ग्रॅम टीसीएल टाका, घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. ते पाणी प्यायचं नाही, सकाळी सगळं सोडून द्यायचं. त्यानंतर रोजच्या भरण्याला १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. पावडर थेट टाकीत टाकू नका. मग्यात थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटांनी चुना तळाशी बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. हलका वास आला तर तो चांगला समजायचा.

घर धुताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी चिखल खरवडून काढायचा, मग साबणाच्या पाण्याने फरशी, आणि शेवटी टीसीएल, १० लिटरच्या बादलीत १५० ग्रॅम. चिखलावरच टाकलं तर क्लोरीन चिखलातच संपतं. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. दारं-खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे. संडास धुवायचं अॅसिड आणि टीसीएल एकत्र कधीही नको, विषारी वायू निघतो आणि मोरीसारख्या कोंदट जागेत माणूस गुदमरतो.

जुलाब लागले तर जिवाला धोका जंतूपेक्षा अंगातलं पाणी जाण्याने. नुसतं पाणी प्यायलं तर आतडं ते नीट शोषत नाही. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असलं की साखरेबरोबर मीठ आत जातं आणि मिठामागून पाणी. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मिश्रणावर पटकीचे (कॉलऱ्याचे) मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. ओआरएसच्या, म्हणजे याच साखर-मिठाच्या तयार पाकिटावर, किती पाण्यासाठी ते बघून तेवढ्याच पाण्यात ढवळा. १ लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन उलट नुकसान होतं. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. केलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर फेका. प्रत्येक जुलाबानंतर एक पेला, उलटी होत असेल तर चमच्याचमच्याने. दुकानातली गोड फळांच्या चवीची खोकी म्हणजे ओआरएस नव्हे. वय झालं की तहान लागल्याचं कळत नाही, म्हणून तहानेची वाट बघू नका. सहा तास लघवी झाली नाही, गुंगी आली, किंवा जुलाब तांदळाच्या पेजेसारखे पांढरट पाण्याचे व्हायला लागले, तर थेट सीपीआर रुग्णालयात. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्या दिवशी ती घ्यायची की नाही हे फोनवर डॉक्टरांना विचारूनच.

वीज गेली की फ्रिज बंद ठेवला तरी चार तासच गारवा टिकतो. रश्श्याचं मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही, ते मधून कित्येक तास कोमट राहतं आणि कोमटातच जंतू वाढतात. पसरट भांड्यांत काढून दोन तासांत फ्रिजमध्ये. भात तर पुन्हा गरम करूनही भरवशाचा होत नाही, कारण त्यातल्या एका जंतूचं विष उकळल्याने जात नाही.

आता लेप्टो. उंदराच्या, गुराच्या, कुत्र्याच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात आणि कातडीच्या भेगेतून शिरतात. बाबा, तुमच्या टाचांच्या भेगा आणि पावसाळ्यातल्या चिखल्या म्हणजे उघडं दारच आहे, आणि साखरेमुळे तुम्हाला जखम झालेली कळतही नाही. गमबूट घातल्याशिवाय चिखलात पाय नाही. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. अनवाणी चालणं झालंच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. डॉक्सीसायक्लिन द्यायचं का, किती, ते ठरवतील. दिलं तर जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. ताप, पोटऱ्यांत ठणका, चिपडं न येता लाल झालेले डोळे आणि कमी झालेली लघवी ही याची ओळख. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तेही आत्ताच घ्या.

डेंग्यूचा संबंध पुरापेक्षा त्यानंतर भरून ठेवलेल्या पाण्याशी आहे. नळाचा भरवसा नाही म्हणून आपण पिंपं भरतो, आणि हा पट्टेरी पायांचा डास गटारात वाढत नाही, आपल्या स्वच्छ पिंपातच वाढतो. मादी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी राहून कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून काथ्याने घासायला हवं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा, समजा दर शुक्रवारी, घासलं की साखळी तुटते. आई, तू पिंप घासतेसच. राहतात ती फ्रिजच्या मागची ताटली, तुळशीच्या कुंडीखालची बशी, पाखरांचं पाणी, परसातलं उखळ आणि गच्चीवरचा टायर. हा डास फार लांब उडत नाही, चावणारा बहुधा आपल्याच घरचा किंवा शेजारचा असतो. दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा.

ताप आला तर पॅरासिटामॉल, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त गोळ्या नाहीत. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. बाबा रोजची रक्त पातळ करायची गोळी घेतात, ती मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. डेंग्यूसाठी रक्ताची पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासणी, त्यानंतर आयजीएम तपासणी. सगळे चुकतात ते पुढे. ताप उतरला की बरं वाटलं म्हणून माणूस उठतो, आणि खरा धोका त्याच एक-दोन दिवसांत असतो. तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होतं. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, तळमळ, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून एक दिवसही घालवू नका.

आणि कावीळ. माझा जीव सगळ्यात जास्त इथे अडकलाय. २०१२ साली इचलकरंजीत सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई ची होती. एरवी माणूस महिन्याभरात यातून उठतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत याच विषाणूने शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. धाकटी बाळंतपणाला येईल ती नेमकी श्रावणात. तिच्या प्यायच्या, चूळ भरायच्या, कोशिंबीर धुवायच्या पाण्याला एकच नियम: उकळलेलं. उसाचा रस, बर्फ, बाहेरची चटणी आणि पाणीपुरी तिला बंद, मागितली तरी. तिच्या खोलीसाठी वेगळा माठ ठेवा. शेजारी कोणाला कावीळ झाली तर तिच्यासाठी पाण्याची काळजी दुप्पट. तिला ताप, मळमळ आणि गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. काविळीची माळ, नाकात घालायचे थेंब, झाडपाल्याचा काढा यातलं काही नको, काढ्याने सुजलेल्या यकृतावर आणखी ओझं पडतं. आणि डॉक्सीसायक्लिन तुमच्यासाठी घरात आणलं असेल तर तिला ते चुकूनही देऊ नका.

हात धुणं तुम्हाला काय सांगायचं, पण बहुतेकांचे अंगठे आणि बोटांची टोकं कोरडी राहतात. साबणाने वीस सेकंद, संडासहून आल्यावर आणि वाढायला बसण्याआधी. ओट्याचं फडकं रोज उकळत्या पाण्यात.

बाबा, एक पुराशी संबंध नसलेलं. गंगावेशीत म्हशीची धार काढून तिथल्या तिथे फेसाळ दूध प्यायची तुमची सवय. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस येतो. चढउताराचा ताप, रात्री घाम, कंबर धरते, आणि महिनोन्‌महिने निदान होत नाही. दूध तिथलंच आणा, म्हशीही त्याच असू देत, पण घरी एक उकळी आणून प्या.

फ्लूची लस दोघांनीही दरवर्षी पावसाळ्याआधी घ्यायची, अंगात भिनायला दोन आठवडे लागतात, म्हणजे या आठवड्यात जायला हवं. न्यूमोनियाच्या लशीचं तेव्हाच विचारा. अर्धा किलो टीसीएल घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात (पत्र्याचा डबा गंजतो), ओआरएसची दहा पाकिटं, थर्मामीटर आणि बाबांच्या मापाचे गमबूट, एवढं माळ्यावर आत्ताच चढवून ठेवा. टीसीएलच्या डब्यावर आणल्याची तारीख लिहा. गमबूट एक नंबर मोठे घ्या, आत मोजे घालावे लागतील.

कळावे.

तुमची,
थोरली