हत्ती बघायला या

॥ श्री ॥

भांडुप, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही मुंबई बघायला यायचा विषय काढला की बाबा "बघूया" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. आई म्हणते, "त्यांना विचार." असं करत तीन वर्षं गेली. म्हणून या खेपेला कागदावर लिहितेय. संध्याकाळी पडवीत बसून वाचा. बाबा, मोठ्याने वाचा, मधलं काही गाळू नका.

तिकिटं काढून झाली आहेत. मंगळवारची रात्रीची कोकणकन्या, कणकवलीहून, दोन्ही बर्थ खालचे. हल्ली साठ दिवस आधी बुकिंग उघडतं. सकाळी आठच्या ठोक्याला तुमचे जावई फोन घेऊन बसले होते. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, तेव्हा पूर्ण पैसे लागले. ते किती, हे मी सांगणार नाही आणि बाबांनी विचारायचं नाही. लेकीकडे चार-चार दिवस कसं राहायचं, हा प्रश्नही देवगडलाच ठेवून या. आणि मोहोर आलाय, फवारणी कोण बघणार, हे कारण मला आधीच ठाऊक आहे. शेजारच्या काकांशी मी बोलले आहे. ते बघतील.

आता बाबा म्हणणार, "मुंबयत बघूक काय आसा? माणसा नि माणसा!"

बाबा, तुम्ही या शहरात अकरा वर्षं काढलीत. गावकऱ्यांच्या खोलीत वीस-बावीस जणांत पाळीने झोपलात, भोंग्यावर उठलात, साचे चालवलेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या गणपतीला घरी आलात ते परत गेला नाहीत. त्यानंतर मुंबईला आलात ते माझ्या लग्नाला, आणि एकदा आईच्या डोळ्यांसाठी. त्या वेळी आईने मुंबई म्हणून काय पाहिलं? एका मोठ्या हॉस्पिटलाचा जिना, नंबर लागेपर्यंतची बाकडी, आणि टॅक्सीच्या काचेतून दिसलेले उड्डाणपूल. परत गेल्यावर मावशीने विचारलं, "मुंबई कशी आहे?" आई म्हणाली, "फिनेलचा वास येतो." मावशी हसली. मला मात्र ते लागून राहिलं.

तेव्हा या वेळी कुठलीही फाईल सोबत आणायची नाही. फक्त बघायला यायचं.

ओटीवर कॅलेंडरच्या वर बाबांचा जो फोटो आहे, त्यावरून हे सगळं सुरू झालं. पांढरा सदरा, खाली रुंद बॉटमची पँट, एक हात कमरेवर आणि मागे दगडाचा हत्ती. लहानपणी आम्हाला तो स्टुडिओतला पडदाच वाटायचा. "राणीच्या बागेतला हत्ती" असं तुम्ही म्हणायचात, तर आम्ही म्हणायचो, मग जिवंत का नाही? गेल्या महिन्यात तुमच्या नातीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. तिला पेंग्विन बघायचे होते. ते २०१६ मध्ये आणलेत, काचेमागे थंडीत असतात, आणि त्यांच्यापुढे ही गर्दी! ते झाल्यावर म्युझियमच्या बाजूला आलो आणि मी थांबलेच. तोच हत्ती. काळसर दगड, अंगावर जोडकामाच्या रेषा, आणि पायाशी झोपलेलं एक मांजर. लोक त्याच्याकडे न बघता पुढे जात होते.

बाबा, तो हत्ती कुठला हे तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? तो घारापुरीचा. बेटावर उतरल्यावर हाच हत्ती समोर दिसायचा, म्हणून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, त्यात तो फुटला. तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये ते जोडून पुन्हा उभा केला. बेटाला नाव हत्तीचं आणि हत्ती भायखळ्यात! तुम्ही त्याच्यापुढे फोटो काढलात, पण तो जिथून आला ते बेट तुम्ही पाहिलेलं नाही. मी विचारलं होतं एकदा. "बोटीचे पैशे कोण देतलो?" असं म्हणाला होतात.

तर बेत असा. बुधवारी पहाटे ठाण्याला उतराल, अंधारच असेल, आम्ही फलाटावर असू. दिवसभर झोपा. तसंही बुधवारी राणीची बाग आणि म्युझियम दोन्ही बंद. संध्याकाळी उन्हं कलली की लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने मरीन ड्राइव्ह. सीएसएमटी म्हणजे तुमचं व्हीटी. ते बांधायला दहा वर्षं लागली, १८८८ मध्ये पुरं झालं, आता जागतिक वारशात आहे. रात्री त्यावर रंगीत दिवे सोडतात. मला ते जरा लग्नाच्या मांडवासारखं वाटतं, आईला बहुतेक आवडेल. आई म्हणेल, समुद्र काय बघायचा, आपल्या दारात आहे. पण आपल्याकडे समुद्राकडे नुसतं बघत कोण बसतं? रापण ओढायची असेल किंवा मासळी घ्यायची असेल तरच आपण खाली जातो. इथे साडेतीन किलोमीटरचा कठडा आहे आणि लोक काही काम नसताना त्यावर बसून असतात. आई, तुला एकदा काही काम नसताना बसलेली बघायचंय मला. बाकी काही नाही.

गुरुवारी राणीची बाग. भांडुपहून भायखळ्याला स्लो लोकल सरळ जाते, अकरानंतर बसायला जागा मिळते. बाबांच्या वेळचं 'व्हिक्टोरिया म्युझियम' आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे. इमारत १८७२ ची, आत मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईचे लोक आणि धंदे दाखवलेत. आईला तिथे वेळ लागणार. लागू दे.

शुक्रवारी घारापुरी. हे मी यादीतून दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. सोमवारी बंद असते, शनिवार-रविवार नको. मागे सासू-सासऱ्यांना रविवारी नेलं होतं तर गेटवेला बोटीच्या रांगेतच दीड तास गेला आणि सासऱ्यांची चप्पल तुटली. बोट तासभर चालते. आईला बोट लागते म्हणून आवळासुपारी मी घेतेय, सकाळी पोटभर खाऊ नका. डिसेंबर २०२४ च्या घारापुरीच्या बोटीच्या अपघाताची बातमी तुम्ही टीव्हीवर पाहिली होती, तेव्हा लाइफ जॅकेट घालायचंच, बाबांनीसुद्धा. "आमी दर्यावरची माणसा" हे चालणार नाही.

गेटवेला बोटीची वाट बघताना बाबांना एक गंमत सांगायची आहे. ज्या राजासाठी ती कमान बांधली, तो १९११ मध्ये येऊन गेला तेव्हा कमान नव्हतीच. ती पुरी झाली १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्यांची शेवटची पलटण तिच्याच खालून बोटीत बसून गेली. स्वागताची कमान निरोपाला कामी आली.

बेटावर धक्क्यापासून छोटी गाडी आहे. पुढे साधारण १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीची सावली, आणि माकडं, म्हणून हातात खाऊची पिशवी ठेवायची नाही. पायऱ्यांसाठी डोलीची खुर्ची मिळते. माणसांच्या खांद्यावर बसून देवाकडे जायचं नाही, असं आई म्हणणार. तर दर वीस पायऱ्यांना बसू. घाई कोणाला आहे?

लेण्यात आत गेल्यावर पहिल्यांदा काही दिसत नाही. उन्हातून आलेल्या डोळ्यांना नुसता अंधार आणि खांब. उभं राहायचं. मग मागच्या भिंतीतून शंकराची ती मूर्ती हळूहळू पुढे येते, तीन तोंडांची, वीस फुटांच्या आसपास उंच. मधलं तोंड डोळे मिटून शांत, एका बाजूला रागीट, दुसऱ्या बाजूला अगदी बाईसारखं नाजूक. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण मोठ्याने बोलत होतो की काय. आई, बाजूच्या भिंतीवर शिवपार्वतीचं लग्न आहे. हातपाय तुटलेत, पण पार्वतीचं लाजणं तेवढं राहिलंय.

शनिवारी सकाळी लवकर महालक्ष्मी, आणि वाटेत सी-लिंकवरून एक चक्कर, ती टॅक्सीतूनच. उतरायला परवानगी नाही आणि साडेपाच किलोमीटर केव्हा संपतात कळत नाही. जुहू आणि नटांचे बंगले मी काढून टाकलेत. बंद फाटक काय बघायचं? हँगिंग गार्डन पाय साथ देतील तर.

लालबाग-परळ मी यादीत घातलेलं नाही, बाबा. तुमच्या गिरणीच्या जागी आता काचेचे टॉवर आहेत. काही ठिकाणी चिमणी तेवढी उभी ठेवली आहे. तुम्ही म्हणालात तर जाऊ, नाही म्हणालात तर मी विचारणार नाही. शनिवारचा दुपारनंतरचा वेळ मोकळाच ठेवलाय. रात्री कोकणकन्याच आहे परतीला.

येताना कुळथाचं पीठ, सोलं आणि तिरफळं एवढंच आणा. नारळ नकोत. मागच्या खेपेला बाबांनी अठरा आणले आणि ठाण्याला पुलावर पिशवीचा बंद तुटला, आठवतंय ना! बाबांची औषधं वरच्या पिशवीत ठेवा. स्वेटर लागणार नाही, गाडीसाठी मात्र शाल हवी.

आणि एक काम. तो फोटो भिंतीवरून उतरवून, चौकट उघडून मागे काही लिहिलंय का ते बघा. साल असेल, नाहीतर काढणाऱ्याचं नाव. फोटो सोबत आणा. नातीला त्याच जागी, तसाच कमरेवर हात ठेवून तुमचा फोटो काढायचाय. ती म्हणते, आजोबांना पांढरा सदरा आणायला सांग.

तुमची लाडकी,
ताई