आधी प्लग काढ, मग मला लिही

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

होडीची जुनी आउटबोर्ड मोटर चालू होत नाही म्हणून लिहिलेल्या तुझ्या पत्रात ‘कार्ब्युरेटर’ किती वेळा आलाय ते मोजलं. अकरा वेळा. ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचं नाव एकदाही नाही. दोनदा उघडलास, धुतलास, नवं गॅस्केट घातलंस, तरी मोटर ढिम्म, आणि आता म्हणे तिसऱ्यांदा उघडायचाय. थांब जरा. ते मशीन सत्तरीला टेकलंय. उघडझाक करून त्याचे आटे किती दिवस टिकतील?

तुला रागावत नाही, मीही हेच करायचो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळतात, आणि ते पेट्रोल डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं, हात माखतात, म्हणून संशय तिकडेच जातो. ठिणगीची वीज बनवणारा मॅग्नेटो बिचारा फ्लायव्हीलच्या जड चाकाखाली दडलेला. पण वर्षानुवर्षं पडून राहिलेली जुनी मोटर असली की मी पहिलं बोट ठिणगीवर ठेवतो.

तर असं कर. चोक लावून दहा वेळा दोरी ओढ आणि लगेच दोन्ही प्लग काढून बघ. टोकं कोरडी ठणठणीत असतील तर पेट्रोल वर पोचतच नाही. ओली चिंब असतील तर पेट्रोल येतंय, आणि तुझ्या कार्ब्युरेटरवर विनाकारण आळ आलाय. एक ओला, एक कोरडा असं निघालं तर तेही लिहून ठेव.

मग ठिणगी. प्लग बाहेरच राहू दे, वायर त्याला जोड आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकव. प्लगच्या भोकांजवळ मात्र धरू नकोस, तिथून पेट्रोलची वाफ येत असते. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून वाफ उडून जाऊ दे. सावलीत उभी राहा, उन्हात ठिणगी असूनही दिसत नाही. प्लग काढलेले असले की इंजिन हलकं फिरतं, म्हणून दोरी झटक्यात ओढ. या मोटरीला बॅटरी नाही. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलवरून जातं आणि नेमक्या त्या क्षणी पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क, उघडले की ठिणगी पडते. हळू फिरवलंस तर धड मोटरसुद्धा ठिणगी देणार नाही. ठिणगी निळी आणि कडक आवाजाची हवी. पिवळट, मरतुकडी ठिणगी बाहेर दिसली तरी आत दाबाखाली विझते. माझ्याकडे ठिणगी तपासायचं साधन आहे, त्यात मी साधारण 6 मिमीची फट ठेवतो. ठिणगीने ती फट ओलांडली तर मॅग्नेटोला हात लावत नाही.

ठिणगी नाहीच मिळाली, तर नवी कॉइल शोधायच्या आधी पॉइंट बघ. कितीतरी वर्षं बंद पडलेल्या पॉइंटवर एक पातळ थर चढतो. नुसत्या डोळ्यांना पॉइंट स्वच्छ दिसतात, फट बरोबर असते, पण वीज काही पलीकडे जात नाही. अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोघांमध्ये धरून चारदा ओढ, मग कोरी जाड कागदाची पट्टी पॉइंट मिटवून त्यातून ओढ, काळं येणं थांबेपर्यंत. त्या काळच्या बऱ्याच छोट्या दोन सिलिंडरच्या मोटरींची फट 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. तुझ्या मोटरीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐक. फट मोजायची ती कॅमच्या, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या, उंच भागावर, जिथे पॉइंट सर्वांत जास्त उघडतात तिथे. आणि एक गोष्ट, जिच्यापायी माझी अख्खी दुपार वाया गेली होती: फट मोजायच्या फीलर गेजच्या पातळ पात्यांना तेल असतं. फट मोजली, बंद केलं, ठिणगी पुन्हा गायब! मोजून झाल्यावर कागदाची पट्टी परत एकदा फिरवायची.

तिथवर पोचायला फ्लायव्हील काढावं लागेल. काहींना पॉइंटसाठी खिडकी असते, तुझ्याला असेल तर सुटलीस. नसेल तर चाक ओढून काढायचं साधन, पुलर, लाव, आणि तो मधल्या जाड भागातल्या आट्यांना. कडेला धरून ओढायचं नाही, शाफ्टच्या टोकावर हातोडा तर मुळीच नाही. काढल्यावर फ्लायव्हील शाफ्टवर जागच्या जागी धरणारी छोटी चावी (‘की’) बघ, अर्धचंद्रासारखी. ती थोडी जरी कातरली गेली असली तरी फ्लायव्हील जागचं सरकतं आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. कॉइलच्या वेष्टनाला तडे गेलेत का, प्लगच्या वायरी कडक होऊन फुटल्यात का, हेही तेव्हाच उरकून घे.

ठिणगी उत्तम आणि प्लग कोरडे, असं निघालं तर मात्र कार्ब्युरेटरवरचा तुझा राग रास्त. तरीही उघडू नकोस! प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल-तेलाच्या मिश्रणाचे चार थेंब टाक, प्लग बसव, ओढ. दोन सेकंद फडफडून मेली तर इंजिन जिवंत आहे आणि घोटाळा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत आहे. तुझी टाकी डोक्यावरच आहे, पेट्रोल उतरतं ते नुसत्या वजनाने. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला होतास का? हसू नकोस, मी एकदा तीन दिवस कार्ब्युरेटरची बारीक भोकं, जेट, साफ करत बसलो होतो आणि तो स्क्रू घट्ट बंद होता. तुझ्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर नळ सोडून पेट्रोल धारेने पडतं का बघ. मग फ्लोट, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल भरलं की येणं थांबवणारा तरंगता भाग. जुने फ्लोट कॉर्कचे, वरून लाखेचा लेप दिलेले. हल्लीच्या पेट्रोलमधलं अल्कोहोल तो लेप विरघळवतं, कॉर्क पेट्रोल पितं, जड होऊन बुडतं आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहू लागतं. कार्ब्युरेटरवर पेट्रोल कमी-जास्त करायच्या, फिरवायच्या दोन सुया असतील तर त्या हलकेच टेकेपर्यंत आत घे, आवळू नकोस, टोकाला खाच पडली की ती सुई गेलीच. तिथून कमी वेगाची साधारण दीड फेरा बाहेर, जास्त वेगाची पाऊण. बाकीचं इंजिन चालू झाल्यावर कानाने.

कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची, मला फारशी काळजी नाही. प्लगच्या भोकावर अंगठा धरून ओढ, दोन्हीकडे सारखंच ढकललं गेलं पाहिजे. एक बाजू मऊ लागली तर बहुधा पिस्टनच्या रिंगा कार्बनने चिकटल्यात. तेल घालून रात्रभर मुरू दे.

आणि तू मिश्रण 50 ला 1, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, केलंस असं लिहिलंयस. ते नव्या मोटरींचं गणित. 1950 च्या दशकातल्या पुष्कळशा मोटरी 24 ला 1 वर चालतात, म्हणजे लिटरला जवळजवळ 42 मिली तेल, कारण आत साधी बेअरिंग असतात आणि त्यांना तेल फक्त पेट्रोलमधूनच मिळतं. ब्रिटिश सीगल नावाच्या जुन्या आउटबोर्ड मोटरीला तर 10 ला 1 लागायचं, मागे धुराचा पडदा! म्हणून मी म्हणेन, कमी तेलाने मोटर चालू झाली नाही हे तुझं नशीबच. टाकी रिकामी कर, पुस्तकातलं प्रमाण बघ, ताजं बनव.

चालू झालीच तर पाण्याच्या पिंपात. प्रोपेलरच्या वरची पट्टी बुडेल इतकं पाणी हवं. कोरडी एक मिनिटही नाही, पाणी चढवणारं रबरी इम्पेलर लगेच फाटतं. तेही जुनंच असणार, पण ते पुढच्या पत्रात.

आता एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव. मला तीनच गोष्टी कळव: प्लग ओले की कोरडे, ठिणगीचा रंग काय, आणि तो स्क्रू उघडा होता की नाही. तिसऱ्याचं उत्तर आईला न दाखवता पाठव.

तुझा,
बाबा