शून्य नक्की कुणी दिलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं पत्र आलं होतं. मुलानं ऑनलाइन चाचणीत इंटिग्रेशनचं उत्तर बरोबर लिहिलं, तरी शून्य पडलं. कॉलेजात विचारायला गेले तर 'सिस्टीमनं दिलंय, आम्ही काय करणार' एवढं ऐकून परत आले. यंत्राला गणित कळत नाही, पुन्हा कागदावर परीक्षा घ्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग मला पटतो, त्यांनी काढलेलं कारण पटत नाही. मी सांगलीकडच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत १९ वर्षं सहायक आहे. असलं शून्य आमच्याकडेही पडलं होतं, एका सकाळी ३७ मुलांना. ते माझ्यामुळं पडलं होतं, म्हणून लिहितोय.

मुलांना दिसतं ते पान वेगळं आणि उत्तर तपासणारा वेगळा. तपासणारा मागं असतो, त्याला ना खिडकी ना बटण. आमच्याकडं हे काम मॅक्सिमा नावाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर करतं. फुकट आहे आणि भलतंच जुनं आहे: अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या प्रणालीचा हा वंश. टेक्सास विद्यापीठाच्या विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून ते सांभाळलं, १९९८ मध्ये ते सर्वांना खुलं करायची परवानगी मिळवली आणि २००१ मध्ये शेल्टर वारले. एका माणसानं जवळजवळ वीस वर्षं एक सॉफ्टवेअर सांभाळलं. आमच्याकडं सर्व्हरची खोली साफ करायला कुणाची पाळी, यावरून दोन मीटिंगा झाल्या. असो.

मागं गणित जाणणारं काहीतरी लागतंच कशाला, उत्तरं जुळवून पाहिली की झालं, असं वाटेल. साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन घ्या. एक मुलगा साइन वर्ग एक्स भागिले दोन लिहितो. शेजारची मुलगी लिहिते उणे कॉस दोन एक्स भागिले चार. दोघंही बरोबर, दोन्ही उत्तरांत फक्त एक चतुर्थांशाचा फरक, आणि तो इंटिग्रेशनच्या स्थिरांकात जिरून जातो. अक्षरं जुळवून पाहणारा प्रोग्राम यातल्या एकाला नापास करणार. मॅक्सिमा दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे इंटिग्रेशनची उलटी क्रिया, काढून पाहतं आणि दोघांनाही पूर्ण गुण देतं. थकलेल्या परीक्षकापेक्षा हे बरं, असं मी आजही म्हणेन.

आता त्या सकाळचं सांगतो. बॅच ६० मुलांची. प्रश्न पेढीतून उचलले जात होते, त्यामुळं सगळ्यांना सारखे नव्हते. दहा-पंधरा मिनिटांत हात वर व्हायला लागले: 'सर, नुसतं गोल फिरतंय.' मग ते गोल थांबलं आणि पुढं शून्य आलं. ज्यांना ज्यांना 'एक्सचा एन घात' याचं इंटिग्रेशन आलं होतं त्या प्रत्येकाला शून्य. सर्व्हरवर जाऊन पाहिलं, तर प्रत्येक उत्तरासाठी एक मॅक्सिमा सुरू झालेलं, आणि एकही बंद पडलेलं नव्हतं. ३७ च्या ३७ जिवंत, मेमरी धरून गप्प बसलेली. तोच प्रश्न मी हातानं टाइप केला आणि पडद्यावर एक ओळ उमटली: 'इज एन इक्वल टू मायनस वन?'

म्हणजे ते विचारत होतं! एन जर उणे एक असेल तर उत्तर लॉगॅरिदममध्ये येतं, नसेल तर नेहमीच्या सूत्रानं. उत्तर देण्याआधी ही शंका विचारणं हे शहाण्या विद्यार्थ्याचं लक्षण. समोर माणूस बसला असता तर 'नाही' लिहून मोकळा झाला असता. पण समोर होता मुलांचं पान आणि मॅक्सिमा यांना जोडणारा, मी लिहिलेला प्रोग्राम, आणि त्याला प्रश्न विचारता यायचा, ऐकता यायचा नाही. तो वीस सेकंद थांबायचा, हाती काहीच आलं नाही की रिकामी ओळ घेऊन परत जायचा. पुढच्या ओळीत मीच लिहिलं होतं: 'बरोबर' असं आलं तर गुण, नाहीतर शून्य. रिकामी ओळ म्हणजे 'बरोबर' नव्हे. झालं शून्य.

गणिताचे सर म्हणाले, 'अहो, एन धन आहे असं प्रश्नात लिहिलंय की!' लिहिलं होतं खरं. मुलांना सांगितलं होतं, मॅक्सिमाला कुणी सांगितलंच नव्हतं. एन शून्यापेक्षा मोठा धर, एवढी एक ओळ त्याला आधी द्यायची होती.

त्या निमित्तानं माझी बाकीची पापंही बाहेर आली. प्रत्येक उत्तरासाठी मी नवं मॅक्सिमा सुरू करत होतो, आणि वर्गानं एकदम 'सबमिट' दाबलं की सर्व्हरचा दम निघायचा. आता स्टँडवर रिक्षा लावून ठेवाव्यात तशी काही मॅक्सिमा आधीच सुरू करून रांगेत उभी असतात. उत्तर आलं की पहिलं निघतं, एकच फेरी मारतं आणि मोडीत जातं. तेवढ्यात मागं नवं येऊन उभं राहतं. मोडीत काढायचं कारण असं की एका मुलानं एक्सला पाच ठरवलं, तर पुढच्या मुलाच्या एक्सलाही पाच चिकटायला नको.

दुसरं पाप जास्त मोठं. मॅक्सिमात 'सिस्टिम' नावाची आज्ञा आहे, तिच्यातून थेट संगणकाला हुकूम देता येतो. दुसऱ्या वर्षाच्या एका पोरानं उत्तराच्या चौकटीत ती लिहिली आणि आमच्या फोल्डरची यादी त्याच्या पडद्यावर आली. स्वतःहून येऊन सांगितलंन, म्हणून वाचलो. त्याच्याच मित्रानं नऊच्या डोक्यावर घात म्हणून 'नऊचा नऊ घात' ही अख्खी संख्याच लिहून पाहिली. त्याचं उत्तर ३६ कोटी ९६ लाखांहून जास्त आकड्यांचं आहे. बिचारं मॅक्सिमा इमानेइतबारे काढायला बसलं. तेव्हापासून ते वेगळ्या, काही अधिकार नसलेल्या युजरखाली चालतं, मेमरीला आणि वेळेला मर्यादा, आणि वेळ संपली की मारून टाकायचं. लाइट जाऊन आली की आपलं आपण सुरूही होतं. पूर्वी मी येऊन हातानं करायचो, आणि मी रजेवर असलो की कुणीच नाही.

यातलं बरंचसं करून ठेवलेलं तयार मिळतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँगविन यांनी सुरू केलेली 'स्टॅक' ही प्रणाली मूडलमध्ये, म्हणजे कॉलेजं ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, बसते आणि मागं मॅक्सिमाच वापरते. आम्ही शेवटी तिच्यावरच गेलो. हौसेनं घरचं बनवण्याआधी गेलो असतो तर ३७ पोरं रडली नसती.

पण त्या वडिलांच्या शून्याचं उत्तर यात नाही. ते एका साध्या गोष्टीत आहे, आणि ती करायला मला अर्धा दिवस लागला. गुणांच्या तक्त्यात बरोबर आणि चूक याखेरीज 'तपासलं गेलं नाही' असा तिसरा रकाना हवा. मागून उत्तर आलं नाही, उशिरा आलं, उलटा प्रश्न आला, तर सगळं त्या रकान्यात जायचं, आणि ते सरांनी डोळ्यांनी पाहायचं. कागदी परीक्षेत पुरवणी हरवली तर आपण शून्य देत नाही, शोधाशोध करतो. त्यांनी कॉलेजात पुन्हा जावं आणि एवढंच विचारावं: माझ्या मुलाचं उत्तर चुकलं, की तपासलंच गेलं नाही? याची नोंद सर्व्हरवर असते. जुन्या नोंदी पुसून टाकण्याआधी ती मागावी, म्हणजे लवकर जावं.

आमच्या त्या ३७ जणांची उत्तरं दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली. ३६ जणांना गुण मिळाले. राहिलेल्या मुलीनं इंटिग्रेशनच्या जागी डेरिव्हेटिव्ह काढलं होतं. तिचं शून्य तसंच राहिलं.

आपला,
एक संगणक प्रयोगशाळा सहायक, जि. सांगली
(नाव आपल्याकडं दिलं आहे, छापू नये ही विनंती.)