खांदेरीचा दिवा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींबरोबर अलिबागला जायचं ठरलंय, हे आईकडून कळलं. वाळूत फिरून, फोटो काढून परत यायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण एक सकाळ मोकळी काढता आली, तर थळच्या किनाऱ्यावरून होडीने खांदेरीला जाऊन या. तिथलं दीपगृह १८६७ सालचं आहे. सुमारे पंचवीस मीटर उंचीचा अष्टकोनी दगडी मनोरा, आणि तोही किल्ल्याच्या तटात. दिवा आणि किल्ला एकाच बेटावर का, हे डोक्यात ठेवून गेलीस तर बघण्यात गंमत आहे.

कारण अगदी साधं आहे. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. तिथे जो बसेल त्याला येणारं-जाणारं प्रत्येक गलबत दिसणार. शिवाजी महाराजांनी हे ओळखून १६७९ च्या ऐन पावसाळ्यात तिथे बांधकाम काढलं आणि कामावर मायनाक भंडारींना नेमलं. मुंबईकर इंग्रजांचं धाबं दणाणलं. त्यांनी बेटाभोवती जहाजं आणून उभी केली. पण त्यांची जहाजं जड, वाऱ्यावर अवलंबून. आपल्या होड्या लहान, उथळ पाण्यातून वल्ह्यांवर निघणाऱ्या. रात्री अंधार पडला की रसद बेटावर पोचायची आणि इंग्रज हात चोळत बसायचे. १८ ऑक्टोबरला मोठी झुंज झाली. महाराजांच्या दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचं 'डव्ह' हे गलबत पकडलं. इंग्रज कप्तान केग्विनचं 'रिव्हेंज' मात्र झुंजून टिकलं. शेवटी इंग्रजांनी तह केला. शेजारचं उंदेरी मात्र १६८० च्या सुरुवातीला जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावलं. मनोऱ्याच्या बाजूने पूर्वेकडे बघ, ते बेट इतकं जवळ आहे की ही दोन ठाणी एकमेकांच्या उरावर कशी बसली असतील ते लगेच पटतं.

पुढे १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर बून कान्होजी आंग्र्यांकडून खांदेरी घ्यायला आला आणि हात हलवत परत गेला. ज्यांना इंग्रज समुद्री चाचा, म्हणजे लुटारू, म्हणायचे, त्याच कान्होजींचं नाव आज इंग्रजांनीच बांधलेल्या दीपगृहाला आहे. मला विचारशील तर हा सूड फार देखणा आहे!

आता दिव्याबद्दल. जुन्या दीपगृहातला दिवा लुकलुकतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक ठिकाणी तो विझत नाही. त्याच्याभोवतीचं भिंग फिरतं. भिंगाचा झोत आपल्याकडे वळला की उजेड, पुढे सरकला की अंधार. हे भिंग म्हणजे एकसंध काच नसते, एकात एक बसवलेल्या काचेच्या लोलकांची कडी असतात. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाची ही युक्ती; फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहात ती १८२३ साली पहिल्यांदा बसवली. चौफेर वाया जाणारा उजेड गोळा करून क्षितिजाकडे पाठवायचा, एवढंच तिचं काम. शिवाय प्रत्येक दीपगृहाच्या झोतांचा क्रम वेगळा असतो. खलाशी घड्याळ लावून मोजतो, नकाशाशी ताडून बघतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. आता उपग्रह आहेत खरे, पण यंत्र बंद पडलं की पुन्हा हेच.

मनोऱ्याच्या वर सोडतील की नाही, ते तिथल्या माणसांवर आहे. हट्ट धरू नकोस. खाली बघण्यासारखं पुष्कळ आहे. चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा बघ, अशा फार कमी ठिकाणी उरल्यात. एक मोठा खडक आहे, त्यावर दगडाने ठोकलं की भांड्यावर मारल्यासारखा टणटण आवाज येतो. सगळे ठोकतात, तूही ठोकशीलच. पण हळू, त्यावर आधीच खड्डे पडलेत. वेताळाच्या देवळात आधी जा. कोळ्यांचा तो देव आहे, चप्पल बाहेर काढा आणि आत फोटोंचा धुडगूस नको.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. गर्दी वाढण्याआधीच जाऊन या. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात आहे, तेव्हा परवानगीचं आधी विचारून घ्या. निघायची वेळ होडीवाल्यालाच भरती-ओहोटी बघून ठरवू द्या, तुमच्या जेवणावरून नको. पावसाळ्यात तर नावच काढू नका. पाणी आणि टोपी बरोबर घ्या, बेटावर दुकान नाही. परत थळला उतरलात की आईला फोन करा, ती तोवर जेवणार नाही.

तुझा,
बाबा