मिरी पिकते तिथून

गुहागर

चि. मनू हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी मिळाली. जेवणाच्या सुट्टीत निरनिराळ्या देशांची माणसं एका टेबलाशी बसून 'खूप लांब' याला आपापल्या भाषेत काय म्हणतात ते सांगतायत आणि तू डबा बाजूला सारून ते टिपून घेतेयस, हे वाचून मजा वाटली. डबा पुढे खाल्लास ना, असं आई विचारते आहे. यादीच्या शेवटी तू लिहिलंयस, "बाबा, आपल्याकडे काय काय म्हणतात?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण तुझ्या बापानं जन्मभर माणसांना लांब-जवळ मोजून तिकिटं फाडली. या विषयावर दोन ओळी मला पुरायच्या नाहीत.

यादी मी पेन घेऊन वाचली. हंगेरीचा मुलगा म्हणतो 'देवाच्या पाठीमागे'. पोलंडची बाई म्हणते 'जिथं सैतान शुभरात्री म्हणतो'. तुझे जर्मन म्हणतात 'जिथं कोल्हा नि ससा एकमेकांना शुभरात्री म्हणतात'. ब्राझीलवाला सांगतो 'जिथं ज्यूडासचे बूट हरवले', स्पेनवाला त्याच्या वरताण, 'जिथं ख्रिस्ताची टोपी हरवली'. आणि रशियातलं ते मला सगळ्यांत आवडलं, 'जिथं मकारनं वासरंसुद्धा चरायला नेली नाहीत'. हा मकार कोण ते कळलं तर कळव. त्याची वासरं शेवटी कुठपर्यंत चरली हेही.

पण एक सांगू का? या सगळ्या म्हणी डेपोत बसलेल्यांनी केलेल्या आहेत. शेवटच्या थांब्यावर राहणारा माणूस असं बोलत नाही. हे मी वस्तीच्या गाडीच्या जोरावर सांगतोय. तुला आठवत असेल, महिन्यातल्या कितीतरी रात्री मी घरी नसायचो. संध्याकाळी डेपोतून सुटायचं, खाडीच्या टोकाच्या गावात रस्ता संपला की गाडी वळवून लावायची, तिथंच झोपायचं आणि पहाटे दुधाचे कॅन, शाळेची पोरं, कोर्टाची तारीख असलेली माणसं घेऊन परत यायचं. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर, मी पुढे, पैशांची बॅग उशाला. तुझ्या यादीतली सगळी मंडळी त्या गावाला देवाची पाठच म्हणाली असती. वीज असली तर असायची. पण त्या गावातल्या एकाही माणसाच्या तोंडून मी 'आम्ही लांब राहतो' असं ऐकलं नाही. ते म्हणायचे, "गुहागर लांब पडतं ओ." तालुका लांब, दवाखाना लांब, हायस्कूल लांब. ते स्वतः मात्र जिथल्या तिथं. कुळीथाची पिठी आणि भात वाढताना एका आजींनी मला विचारलं होतं, "एवढ्या लांब गुहागरात तुम्हाला करमतं कसं?"

इंग्रजीतलं टिंबक्टूही त्यातलंच. त्या लोकांना वाटतं तिथं जग संपतं. मालीतलं ते गाव एके काळी मोठं विद्येचं आणि व्यापाराचं ठिकाण होतं, जुन्या हस्तलिखितांसाठी आजही त्याचं नाव घेतात. तिथल्या पंडितांना लंडन कुठे आहे हे सांगायला कोणाला तरी बरंच लांबून सुरुवात करावी लागली असती.

आता आपलं. पुस्तकी मराठीत तुला सगळं ठाऊक आहे, सातासमुद्रापार, कोसो दूर, काळे कोस. कोस म्हणजे साधारण दोन मैल, पण काळा कोस म्हणजे चालणाऱ्याला संपता संपत नाही तो. हा शब्द पायी चाललेल्यांनी केलाय, हे ऐकताक्षणी कळतं. मात्र आपल्या किनाऱ्यावर कोसाला फारशी किंमत नाही, कारण इथं सरळ असं काहीच नाही. दाभोळ आणि धोपाव्याचंच बघ. मध्ये वाशिष्ठीची खाडी. या काठावरून त्या काठाची माणसं दिसतात, लग्नाचा बँड ऐकू येतो. फेरीबोट नव्हती तेव्हा तरीनं गेलात तर जवळ, गाडीनं जायचं म्हणालात तर चिपळूणचा वळसा. मग धोपाव्याहून दाभोळ लांब की जवळ? तुझ्या नकाशाला एकच उत्तर येतं. आपल्या माणसाला विचारलंस तर तो आधी तुलाच विचारील, "भरती हाय का ओहोटी?"

आणि लांबीला ऋतूही असायचा. तुझे पणजोबा मुंबईला गिरणीत होते. ते बोटीनं जायचे, दाभोळला बोट बंदरात यायची. पावसाळा लागला की समुद्र खवळायचा आणि बोटी बंद. मग मुंबई म्हणजे घाट चढून वर जायचं, तिथून फिरून परत खाली उतरायचं. पाऊस सरून बोटी सुरू झाल्या की मुंबई पुन्हा जवळ यायची. पणजी म्हणायची, "आता मुंबई उघडली." १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा कुठे आषाढातली मुंबई आणि कार्तिकातली मुंबई सारख्या अंतरावर आल्या. दरड कोसळली नाही तर.

वर आणि खाली हे शब्द मी मुद्दाम वापरले. तू मागे हवाई बेटांवरचं सांगितलं होतंस ना, तिथं डावं-उजवं सांगण्यापेक्षा 'डोंगराकडे' आणि 'समुद्राकडे' असं सांगतात? ते लोक आपल्या गाडीत बसले तर एका दिवसात कंडक्टर होतील. आपल्याकडे समुद्रालगतची ती खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याची ती वलाटी आणि त्याच्या वर घाट. "म्हातारा खाली गेलाय" म्हटलं की तो बंदराकडे गेलाय हे अख्ख्या गाडीला कळतं. "वरचे पाव्हणे आलेत" म्हणजे कराड-कोल्हापूरकडचे. डोंगरातली माणसं अंतर सांगायची तेही चढांत. "एक घाटी चढलात की आलंच." ती घाटी चढताना जीव जायचा, पण सांगणाऱ्याच्या हिशेबी ती एकच.

आणि दर्यावर जाणाऱ्यांचं तर आणखी निराळं. सकाळच्या गाडीला कोळणी टोपल्या घेऊन चढायच्या. "आज होडी कुठे होती?" असं विचारलं तर उत्तर यायचं, "वीस वावात." एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी, साधारण सहा फूट. त्यांनी सांगितलं ते किनाऱ्यापासूनचं अंतरच नव्हे, ती पाण्याची खोली. किती लांब गेला याचं उत्तर किती खोल गेला असं द्यायचं, हे तुझ्या टेबलावरच्या कोणाकडे आहे का विचार.

आता तुझ्या यादीतली जी ओळ वाचून मी आईला हाक मारली, तिच्याकडे येतो. जर्मन माणूस वैतागला की समोरच्याला म्हणतो, 'जा, जिथं मिरी पिकते तिथं.' तू लिहिलंस की फिनलंडवाला आणि स्वीडनची मुलगी दोघंही म्हणाले, आमच्यातही हेच आहे. आणि पोलंडमध्ये कोणी जीव घेऊन पळाला तर तो 'मिरी पिकते तिकडे' पळतो. म्हणजे उत्तरेकडच्या निम्म्या युरोपाला नकोसं माणूस जिथं धाडावंसं वाटतं, ती जागा आपलं परसू! मी पत्र लिहितोय तिथून पोफळीवर चढलेला मिरवेल दिसतोय. घोस अजून हिरवे आहेत. आई म्हणाली, "कोणाला पाठवायचंच असलं तर चांगल्यातलं पाठवा म्हणावं, वेल उतरवायला माणूस मिळत नाही."

थोडं खरं सांगायला हवं. त्यांची मिरी मुख्यतः मलबारातून जायची, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला तो त्याच मालाच्या वासानं. आपलं कोकण त्या मानानं वाटेवरचं. वेल आपल्याकडेही आहेत, पण नारळी-पोफळीच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी घेऊन उत्पन्न वाढवा असं कृषी विद्यापीठाची माणसं सांगू लागली तेव्हापासून लोक त्याच्याकडे पैशाच्या नजरेनं बघायला लागले. तरी म्हण करणाऱ्याला मलबार काय नि गुहागर काय. त्यानं वेल बघितलाच नव्हता. त्याच्या हातात फक्त काळे, वाळलेले दाणे आले आणि भाव ऐकून त्यानं ठरवलं की एवढं महाग म्हणजे फारच लांबून येत असणार. तू ज्या हांबुर्गमध्ये राहतेस तिथल्या व्यापाऱ्यांनाच लोक 'मिरीची पोती' म्हणायचे हे तूच मला सांगितलं होतंस. गंमत बघ, मिरी तिकडे गेली तर माणसं श्रीमंत झाली आणि माणसाला मिरीकडे पाठवलं तर ती शिवी.

शिवी नव्हे, शिक्षाच म्हणायला हवं. रत्नागिरीला शाळेच्या सहलीत थिबा राजवाडा बघितला होतास. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेश घेतला, राजाला मंडालेतून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. कारण त्यांच्या नकाशावर मंडालेच्या माणसासाठी रत्नागिरी पुरेशी लांब होती. मग १९०८ साली लोकमान्यांना शिक्षा झाली, त्यांना लांब कुठे ठेवायचं? तर मंडालेला. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. म्हणजे १९१४ साली टिळक सुटेपर्यंत मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत! राजवाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला, थिबा १९१६ साली तिथंच गेला. एकाच्या गावाला दुसऱ्याचं काळं पाणी करायचं, हे डेपोतल्या टेबलावर बसल्याशिवाय सुचत नाही. मी तो राजवाडा बघतो तेव्हा मला त्याचं लाकूडकाम कमी दिसतं. पश्चिमेच्या गच्चीवरून तो राजा समुद्राकडे बघत बसायचा म्हणतात, आणि त्याचा देश होता पाठीमागे, पूर्वेला. मला तेच आठवतं.

असो. यादीतली एक गोष्ट मात्र कोणाला हिणवत नाही, म्हणून ती मी पेनानं चौकोनात घातली आहे. जपानी मुलीची. तिच्याकडे 'कोको' म्हणजे माझ्याजवळ, 'सोको' म्हणजे तुझ्याजवळ आणि 'असोको' म्हणजे आपल्या दोघांपासून लांब. आपल्याकडे इकडे आणि तिकडे, संपलं. त्यामुळे आपल्या फोनवर काय होतं माहीत आहे ना? आई विचारते, "तिकडे पाऊस आहे का?" तू हांबुर्गचं सांगतेस. मग ती म्हणते, "तिकडे वरच्या वाडीत दोन दिवस लाइट नाही," आणि तू घाबरून विचारतेस, "कुठे, कुठे?" तिचं एक तिकडे तुझ्या खिडकीशी आणि दुसरं तिकडे मोरीपलीकडे. जपानी बाईचा घोटाळा झाला नसता. परवापासून आई तुझ्या गावाला 'सोको' म्हणते आहे. "सोकोला थंडी पडली असेल, मोजे घालतेस का विचारा." तेव्हा घालत जा.

बाकी इकडचं ठीक. आंब्याला पालवी फुटते आहे, मोहोराचं आत्ताच काही सांगता यायचं नाही. वस्तीच्या गाड्या आता कमी झाल्या, ज्याच्या त्याच्या दारात दुचाकी आली. माझ्या वेळचा एक ड्रायव्हर बाजारात भेटला, अजूनही अंतर टप्प्यांतच सांगतो. नातवाची शाळा म्हणे दीड टप्पा.

त्यावरून तुझ्या यादीतला तो फिनलंडचा जुना शब्द. रेनडिअर न थांबता जेवढं चालतं आणि मग लघवीला थांबतं, तेवढं अंतर. तू लिहिलंस साधारण साडेसात किलोमीटर. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. म्हणजे त्यांचं जनावर आमच्या टप्प्यापेक्षा दीड किलोमीटर जास्त धरतं, त्याबद्दल त्याचं कौतुक. पण त्या फिनलंडवाल्याला माझ्या वतीनं एक नक्की विचार. रेनडिअरला मध्येच लागली तर भाडं कसं धरायचे? आमच्यात टप्प्याच्या मध्ये कुठेही उतरलं तरी पैसे पुऱ्या टप्प्याचे, आणि त्यावरून प्रवाशांशी माझी जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नाहीत. त्यांच्याकडे काही बरा नियम असला तर सविस्तर लिहून पाठव.

तुझे,
बाबा